उलट्या बर्फाचा शनिवार

आमच्या सोसायटीतली चार बिऱ्हाडं आमच्याआधी अमेरिकेला जाऊन आलेली. चौघांनीही नायगारा पाहिला, चौघांनीही तिथे रेनकोट घालून फोटो काढला आणि चौघांनीही तो आम्हाला दाखवला. त्यामुळे सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये आम्ही परतलो तेव्हा शेजारच्या काकूंनी चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "मग, नायगारा कसा वाटला?" नाही पाहिला म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. मग इतके दिवस केलंत काय, तर म्हटलं, बर्फ पाहिला. त्यावर त्या म्हणाल्या की बर्फ आमच्या फ्रिजमध्येही पुष्कळ आहे. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

आमची एकुलती एक मुलगी रेवती. हिचे बाबा, म्हणजे आमचे हे, जन्मभर पुण्यात हवामानाचे अंदाज द्यायच्या नोकरीत. इतर घरांत मुलांना गोष्टी सांगतात तसे यांनी रेवतीला ढग आणि वारे सांगितले. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. ती त्याच विषयात डॉक्टरेट करायला अमेरिकेला गेली. आता ही तिकडे प्राध्यापक होईल, नाहीतर परत येऊन बाबांच्या कचेरीत बसेल असं आम्ही धरून चाललो होतो. तर पत्र आलं की युटा राज्यातल्या एका डोंगरावर नोकरी धरली आहे. काम काय, तर नवा बर्फ कधी पडेल, किती पडेल आणि कसा पडेल हे स्की करणाऱ्यांना सांगायचं. दाबून सपाट केलेल्या वाटांवरून घसरण्यात ज्यांचं मन रमत नाही, कोऱ्या उतारावरून उतरायला जे जिवाची बाजी लावतात, त्या लोकांना. त्यांना ताजा, कोरडा, हातातून पिठासारखा उडणारा बर्फ लागतो. त्याला ते पावडर म्हणतात.

"डॉक्टरेट केली," हे पत्राची घडी घालत म्हणाले, "आणि श्रीमंतांना घसरगुंडी कधी खेळायची ते सांगते."

नोकरी एका हिवाळ्यापुरतीच होती. पुढे ठेवायचं की नाही हे तिथले साहेब हिवाळा सरताना ठरवणार होते. इकडे यांनी जुन्या कचेरीत शब्द टाकून ठेवला होता. एक जागा रिकामी होत होती, हो की नाही ते मार्चअखेर कळवायचं होतं. माझं म्हणाल तर मी एकच हेतू मनात धरून निघाले होते, मुलीला परत घेऊन यायचं. हौस झाली, पुरे झाली.

आयसेलिन

पहिला मुक्काम न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावी, माझ्या मामेबहिणीकडे. सुधाचे यजमान इंजिनिअर, घर मोठं, मुलं गोड आणि आपण मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला ओक ट्री रोडवर नेलं. आपल्या लोकांची दुकानं तिथे नुकती कुठे एकाला लागून एक उभी राहत होती. साड्या, सोनं, मसाले, आणि एका दुकानात चक्क शेवग्याच्या शेंगा. त्या शेंगा पाहून मला भरून आलं. पुण्यात मी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.

सुधाला आमचा बेत अजिबात पसंत नव्हता. "ताई, तिकडे नुसती स्नो आहे गं. फ्लोरिडा करा ना, मस्त वेदर असतं, आम्ही सगळं बुक करून देतो." मी म्हटलं, फ्लोरिडात माझी मुलगी नाही. मग तिनं घरातले कोट बाहेर काढले. यांना तिच्या यजमानांचा कोट व्यवस्थित झाला. मला मात्र धाकट्या चिरंजीवांचाच बसला. त्याच्या पाठीवर दात विचकणाऱ्या वाघाचं भलंमोठं चित्र होतं. पुढचे सगळे दिवस मी नऊवार नाही तरी सहावार नेसून आणि पाठीवर वाघ घेऊन हिंडले.

डोंगरावर

विमानतळावर रेवतीला मी ओळखलंच नाही. चेहरा उन्हानं रापून तांबूस काळा झालेला, फक्त डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची गोरी जागा राहिलेली. बर्फात माणूस उन्हानं करपतो हे मला तेव्हा कळलं. मी रडले, ती हसली, आणि हे म्हणाले की विमानातून समदाब रेषांचा नीट अंदाज येत नाही.

गाव सपाटीवर आहे आणि त्याच्या पाठीशी एकदम भिंत उभी करावी तसे डोंगर. त्यातल्या एका दरीतून रस्ता वर जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काळीशार सूचिपर्णी झाडं, आणि मध्ये मध्ये पाट्या, की इथे गाडी थांबवू नका, वरून बर्फ घसरतो. हे सगळं रेवती एका हातानं गाडी चालवत सांगत होती. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, त्यामुळे दरीचं पुढचं वर्णन मला करता येणार नाही.

वर एक लाकडी लॉज, समोर आकाशात घुसलेले पांढरे उतार, आणि थंडी अशी की नाकातला श्वास कडकडतो. पायऱ्या चढताना धाप लागते. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, विजेचा. यांनी उतरल्याबरोबर माकडटोपी चढवली आणि अंगणात पहिलं पाऊल टाकताच सर्वांसमक्ष बसकण मारली. कुणी हसलं नाही. दोघं धावत आले, त्यांना उचललं, आणि एकानं माकडटोपीची फार तारीफ केली. पुण्यात असा माणूस पडला असता तर आधी हसून घेतलं असतं आणि मग उचललं असतं.

त्या टोपीची तारीफ करणारे ते रॉय. उतार धोक्याचे नाहीत ना हे बघणाऱ्या डोंगरावरच्या गस्तीचे प्रमुख, रेवतीचे साहेब, साठीचे, मिशा पांढऱ्या आणि हात झाडाच्या मुळ्यांसारखे. रेवती त्यांना सरळ "रॉय" म्हणून हाक मारते हे ऐकून हे अस्वस्थ झाले. तिला बाजूला घेऊन म्हणाले, निदान मिस्टर तरी लाव. ती म्हणाली, "बाबा, मिस्टर म्हटलं तर त्यांना वाटेल मी राजीनामा देतेय."

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी म्हणून मला पहिल्या दिवशी सूप दिलं आणि त्यातून कोंबडीचे तुकडे माझ्यासमोर चमच्यानं काढून ठेवले. इतक्या प्रेमानं काढले की रागावता येईना. नंतर उकडलेला बटाटा आणि लोणी यांवर आमचं पक्कं बस्तान बसलं.

शुक्रवार

सकाळी तिचं काम पाहायला गेलो. लॉजच्या मागे बर्फात एक पांढरी फळी ठेवलेली असते. तिच्यावर रात्रीत किती पडलं ते पट्टीनं मोजायचं, मग तेवढा बर्फ वितळवून पाणी किती निघालं ते बघायचं. पाणी कमी तर बर्फ हलका. यांना हे सगळं माहेरी आल्यासारखं वाटलं. खोलीत एका यंत्रातून हवामानाचा नकाशा ओलसर कागदावर सरसर उमटत होता. तो बाहेर पडायच्या आत यांनी चष्मा पुसून मान खाली घातली, आणि बापलेक त्या कागदावर असे वाकले की मी तिथे आहे हे दोघेही विसरले.

रेवतीनं मला समजावलं ते असं. नुसता खूप बर्फ पडून उपयोग नाही. आधी जरा जड बर्फ पडावा आणि मग हवा थंड होत जाऊन वर हलका पडत जावा. खाली जड, वर हलका, तो सुलटा बर्फ. त्यातून माणूस तरंगत उतरतो. आधी हलका पडला आणि नंतर वारा फिरून त्याच्यावर जड बर्फ बसला, तर तो उलटा. वरून दिसायला दोन्ही सारखेच. पण उलट्या बर्फावर माणूस गेला की वरचा थर खालच्या भुशावरून निसटतो आणि सगळा उतार माणसासकट खाली येतो.

शनिवार ते सोमवार जोडून सुट्टी होती. कितीतरी दिवसांत धड बर्फ पडला नव्हता. दूरदूरची माणसं एका नंबरवर फोन करायची आणि रेवतीनं टेप केलेला अंदाज ऐकून निघायचं की नाही ते ठरवायची. मालकांचं लॉज भरणं त्यावर, आणि रेवतीचं पुढच्या हिवाळ्यात इथे असणं बहुतेक याच सुट्टीवर. हे तिनं सांगितलं नाही, स्वयंपाकघरातल्या बाईनं मला सांगितलं.

नकाशा पाहून हे म्हणाले, वादळ येतंय हे नक्की, पण वाऱ्याचा भरवसा नाही. असं कर, "काही ठिकाणी मध्यम ते जोरदार, शक्यता बरी" असं म्हण. दोन्हीकडून सुटका राहते. रेवती म्हणाली की इथे ठिकाण एकच आहे, त्यामुळे काही ठिकाणी म्हणता येत नाही. मग तिनं रिसीव्हर उचलला आणि टेपवर स्वच्छ सांगितलं की आज दुपारपासून बर्फ, उद्या सकाळपर्यंत गुडघाभर, आणि उत्तम पावडर.

रॉय तिथेच उभे होते. त्यांनी आम्हाला डोंगराची एक रीत सांगितली. अंदाज चुकला तर ज्यानं दिला त्यानं दुसऱ्या दिवशी गस्तीच्या सगळ्या मंडळींना आपल्या हातानं नाश्ता करून वाढायचा. रॉयनी स्वतः किती वेळा धिरडी घातली याची गणती नाही. यांनी ताबडतोब मुद्द्याचं विचारलं, "पण चुकला हे ठरवायचं कोणी?"

"ज्यानं दिला त्यानंच," रॉय म्हणाले. "त्याच्याशिवाय कुणाला कळणार?"



शनिवार

सकाळी खिडकी उघडली तर जगच नाहीसं झालेलं. गाड्यांच्या जागी नुसते उंचवटे. फळीवर पट्टी लावली तर बरोबर गुडघाभर. लॉज गच्च भरलेलं, जेवणघरात बूट आपटत दीडशे माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे दिवाळीच्या पहाटेसारखे.

रेवती फावडं घेऊन गस्तीच्या दोघांबरोबर वर गेली होती. आणि इथे आमच्या यांच्याकडून घडायचं ते घडलं. जन्म मिलिमीटर मोजण्यात गेलेला. मुलीनं सांगितला तेवढा बर्फ पडला म्हणजे अंदाज खरा ठरला, यात शंका ती काय? अभिमान पोटात मावेना. पहिल्यांदा शेजारच्या टेबलाला सांगितलं, मग त्याच्या पलीकडच्या. आय अॅम हर फादर, आय अॅम ऑल्सो इन द सेम लाइन, द फोरकास्ट इज परफेक्टली करेक्ट. माकडटोपीतल्या त्या तज्ज्ञावर लोकांनी विश्वास ठेवला. टाळ्या वाजल्या. वीस-पंचवीस जण तर स्की खांद्यावर टाकून वरच्या कोऱ्या उताराच्या फाटकाशी जाऊन रांगेत उभे राहिले.

रेवती खाली आली ती पांढऱ्या पापण्यांनी. आम्हाला म्हणाली, चला, दाखवते. लॉजच्या मागे तिनं फावड्यानं बर्फात उभा छेद घेतला आणि माझा हात धरून त्या भिंतीत दाबला. वरच्या थरात माझं एक बोट जेमतेम शिरलं. खालच्या थरात अख्खी मूठ सहज गेली. पहाटे वारा फिरून नैर्ऋत्येचा, उबदार झाला होता आणि हलक्या बर्फावर जड बर्फ येऊन बसला होता. उलटा.

हे म्हणाले, "पण गुडघाभर म्हणालीस, गुडघाभर पडला. आमच्याकडे हा अंदाज बरोबर धरतात."

"आकडा बरोबर आला, बाबा. अंदाज चुकला."

ती फाटकापाशी गेली आणि रांगेतल्या लोकांना म्हणाली की माझं चुकलं, उतार बंद आहे. लोक चिडले. रात्रभर गाडी चालवून आलेला एक जण म्हणाला, तुझे वडीलच तर आत्ता सांगत होते की सगळं अचूक आहे, आणि ते तर यातले जाणकार. तिनं क्षणभर यांच्याकडे पाहिलं. ते वडील आहेत, एवढंच ती म्हणाली, आणि फाटकावर दोरी बांधली. मग आत जाऊन टेपवरही तेच सांगितलं, माझा कालचा अंदाज चुकला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आनंदाची एक लहर उठली. आता हिला कोण ठेवतंय, आता येईल घरी. दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पाहिला आणि त्या आनंदाची मला लाज वाटली.

ऊन पडलं. तो उतार दिवसभर तसाच समोर, गुळगुळीत, चकचकीत, जागचा न हलता. निदान थोडा तरी घसरला असता तर लोकांना पटलं असतं. काही म्हणजे काही झालं नाही. लोक दाबलेल्या वाटांवरून खाली-वर करत राहिले आणि जाता-येता त्या दोरीकडे बघत राहिले. मालक रॉयना कोपऱ्यात घेऊन बराच वेळ बोलले. यांनी दुपारी जेवण घेतलं नाही. खोलीत पलंगावर टोपी हातात घेऊन बसले होते.

रविवार

रीत म्हणजे रीत. सकाळी नाश्त्याला गस्तीची मंडळी पंगतीसारखी बाकांवर बसलेली. रेवतीला अंडी उकडण्यापलीकडे काही येत नाही, त्यामुळे पदर खोचणं मला भाग होतं. तिथे गव्हाचा रवा मिळतो, लोक तो दुधात शिजवून लापशीसारखा खातात. मी त्याचा उपमा करायला घेतला. मोहरी आणि हिंग माझ्या पर्समध्ये असतातच. कांदा, वाटाणे आणि मेक्सिकन हिरव्या मिरच्या त्यांच्याकडे होत्या. रवा काही केल्या शिजेना. जन्मात माझा उपमा कच्चा राहिला नव्हता. रेवती म्हणाली, आई, एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण त्याला ताप कमी असतो, अजून वाफ दे. स्वयंपाकातलं काही तरी मुलीनं मला शिकवलं ते तेवढंच.

वाढायला ती निघाली तेवढ्यात हे आले. अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन, डोक्यावर टोपी नाही. त्यांनी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाले, "काल ही एकटी चुकली नाही. मी तिच्याहून मोठ्यानं चुकलो." मग बाकाच्या टोकापासून एकेकाला वाढत गेले. घरी पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागतो हो यांना. मी डावाच्या आड डोळे पुसले.

मध्येच कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे ही रीत आहे का? हे म्हणाले, "असती तर मी जन्मभर उपमाच करत राहिलो असतो." सगळे खदखदून हसले. मग रेवतीही हसली, शनिवारपासून पहिल्यांदा.

रॉयनी दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा बशी पुढे करून ते माझ्याशी सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत बोलले. "हे तिला शिकवून जा. पुढच्या हिवाळ्यातही ती कधीतरी चुकेलच."

मला आधी वाक्याचा अर्थ लागला आणि मग वाक्यात काय होतं ते लागलं. रेवतीच्या हातातला डाव तसाच राहिला. मी रॉयच्या बशीत उपमा वाढला, जरा जास्तच वाढला, आणि म्हटलं, शिकवते.

दुपारी थंडी वाढली. नकाशाचा कागद बाहेर आला तेव्हा हे मान घालायला गेले नाहीत, दारातच थांबले. रेवतीनं हाक मारली, "बाबा, बघा ना." त्यांनी पाहिलं, बऱ्याच वेळानं वाऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, वायव्येचा, आता फिरणार नाही. या वेळी "शक्यता बरी" नाही की "काही ठिकाणी" नाही. ती म्हणाली, मलाही तेच वाटतं. आणि काल तोंडघशी पडलेली ही मुलगी पुन्हा रिसीव्हर उचलून तितकंच स्वच्छ बोलली, की कालचा बर्फ थंडीनं बसतोय, रात्रीत वर हलका पडेल, उद्या उतार उघडेल, उत्तम पावडर.

सोमवार

सकाळी गस्तीच्या लोकांनी वर सुरुंग लावून पाहिले. डोंगर गडगडला, उतार हलला नाही. रॉय स्वतः वर जाऊन, खणून, बघून आले आणि दोरी सोडली. तिथली आणखी एक रीत अशी की गस्तीच्या पाठोपाठ पहिलं उतरायचा मान अंदाज देणाराचा. स्वतःच्या शब्दावर आधी स्वतः पाय ठेवायचा.

आम्ही खाली उभे होतो. वर कड्याच्या टोकाशी एक लाल ठिपका, ती माझी मुलगी. ठिपका हलला. मला वाटलं होतं ती घसरेल, पण तो काही घसरण्याचा प्रकार नव्हता. ती डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, आणि दर वेळी कमरेपर्यंत पांढरा धुरळा उडून मागे तरंगत राहायचा. आवाज नाही. मध्येच ती पूर्ण दिसेनाशी व्हायची आणि धुरळ्यातून पुन्हा निघायची, पहिल्यापेक्षा जवळ. लहानपणी पर्वतीच्या पायऱ्या ती अशीच, कुणाचा हात न धरता, दोन-दोन गाळत उतरायची. तेव्हा मी ओरडायचे.

माझ्या शेजारी हे टोपी काढून उभे होते.

"पुण्याच्या त्या जागेचं नको म्हणून कळवतो," ते म्हणाले.

अजून ती अर्ध्या उतारावर होती. मी तिच्यावरची नजर काढली नाही.

"कळवा," मी म्हटलं.